निवांतिनी

हेमांगी खराडेच्या तळहातावर फोड आले होते, आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. बसवराज हत्तुरेंनी दाखवीपर्यंत तिला त्याचा पत्ता नव्हता.

"तापल्या कढईचा काठ धरला होतात तुम्ही, मॅडम," ते म्हणाले. "उघड्या हातानं. आणि बोलत राहिलात."

बरं होईल, असं ती म्हणाली. हत्तुरेंनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि तिच्यापुढे पॅटीच्या तपासणीचा अहवाल ठेवला.

पॅटी कशी होते हे ज्याला ठाऊक असतं तो ती खात नाही, असं सोलापुरात म्हणत. हेमांगीला सगळं ठाऊक होतं आणि ती रोज खात होती. कारखान्याची गुणवत्ताप्रमुखच होती ती. कोंबडीची छाती नि तंगड्या परदेशी जायच्या. उरलेल्या माना, पाठी, बरगड्या यंत्रात दाबून सुईच्या नेढ्याएवढ्या भोकांच्या चाळणीतून काढल्या की गुलाबी लगदा पडायचा. कागदोपत्री त्याचं नाव अस्थिगाळ. त्यात स्टार्च, मीठ, कांद्याची पूड आणि धुराचा अर्क घातला की झाली पॅटी. शाळेच्या कॅन्टीनपासून एसटी स्टँडपर्यंत पोरं तिच्यावर तुटून पडायची. हाडाचं चिपाडसुद्धा वाया जात नाही, यात खरं तर वाईट काही नव्हतं.

घोळ कोंबडीतच होता. भेदरलेल्या कोंबडीचं मांस पाणी सोडतं, म्हणून सहा वर्षांपूर्वी जनुकतज्ज्ञांनी एक नवी जात काढली. तिच्या मज्जापेशी स्वतःच एक चिमुकलं प्रथिन बनवत. त्याचं नाव निवांतिनी. या कोंबड्यांना ना भीती जाणवे ना वेदना; मान धरली तरी त्या ओरडत नसत.

"मांसात निवांतिनी सापडली नव्हती," हेमांगी म्हणाली. "मंजुरीचे नमुने मीच पाठवले होते."

"कशाचे?"

"छातीचे."

पाहुण्याला चांगला तुकडा वाढावा तसा तपासनिसालाही चांगलाच तुकडा पाठवायचा, ही कारखान्याची जुनी रीत. त्यात लबाडी कुणाच्या मनातही नव्हती.

"निवांतिनी मज्जेत असते, मॅडम. मज्जा कण्यात असते, आणि कणाच तर आपण चाळणीतून काढतो. तळून ती मोडत नाही, पोटातही टिकते. माझा हिशेब बरोबर असेल तर एका पॅटीनं तासाभरात मेंदूत जाते. रोज खाल्ली तर उतरायला वेळच मिळत नाही."

हेमांगीची मुलगी चार्वी अकरा वर्षांची. ती रोज दोन पॅट्या खायची. आजोबा गेले तेव्हा पोरीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. किती समंजस, असं सगळे म्हणाले होते. पर्समध्ये किल्ली शोधावी तसं हेमांगीनं स्वतःच्या आत धुंडाळून पाहिलं. धसका, राग, काहीतरी असायला हवं होतं. ते नव्हतं.

चार वाजता शाळांचा माल निघायचा होता, चाळीस हजार पॅट्या. सोडपत्रावर दोघांच्याही सह्या लागत. सही करणाऱ्यानं त्या मालाचा पहिला घास खायचा, असा रिवाज होता. हत्तुरे लिंगायत, अंड्यालाही कधी न शिवलेले, म्हणून तीन महिन्यांपूर्वी रुजू होताना त्यांना त्यातून सूट मिळाली होती. अख्ख्या इमारतीत घाबरलेला माणूस तेवढा एकच होता.

त्यांनी संचालकांना फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि या कोंबडीची पॅटी बाजारात आल्यापासून तीन वर्षांत एकही तक्रार आलेली नाही, याकडे लक्ष वेधलं. साहेबही रोजचे खाणारे.

"त्यांचं चूक नाही," हेमांगी म्हणाली. "माणसावर परिणाम होतो याचा पुरावा आपल्याकडे नाही. त्यासाठी कधीच न खाल्लेला माणूस हवा. इथे तुम्हीच आहात."

हे ती कपटानं बोलली नव्हती. शास्त्र म्हणून ते बिनचूक होतं, आणि हत्तुरेंनाही पटलं. आज सही नाकारली तर उद्या दुसरा कोणी करील. पुरावा हातात आला तर सगळंच कायमचं थांबेल.

"सिद्ध झालं तर एक ट्रक बाहेर जाऊ देत नाही बघा," ते म्हणाले. "फाटकात आडवा पडतो मी."

अडीच वाजता तिनं त्यांच्या बोटाला सुई टोचली, ते कळवळले. मग आजोबांच्या तिरडीपाशी चार्वी कशी मोबाइलवर खेळत बसली होती, ते सांगितलं. त्यांची नाडी एकशे बारावर गेली आणि त्यांनी डोळे पुसले. नंतर गळ्यातल्या लिंगाला हात लावून त्यांनी पॅटी उचलली. पहिल्या घासाला उमासा आला, तरी सगळी संपवली.

पावणेचारला तीच सुई, तीच हकिकत. नाडी अडुसष्ट.

"सिद्ध झालं," हत्तुरे म्हणाले. त्यांनी अहवालात दोन्ही आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि एका ठिकाणी चुकलेलं दशांशचिन्हाचं टिंब सुधारलं.

"मग माल अडवायचा ना?" हेमांगीनं विचारलं.

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला.

"अडवायला पाहिजे, हे कळतंय की," ते म्हणाले. "पण कशासाठी, ते मघाशी माहीत होतं."

त्यांनी सोडपत्र ओढलं आणि सही केली. तिनं त्याखाली आपली केली. खाली ट्रक सुरू झाले.