चल, घरी

वीज गेली तेव्हा शिक्षकांच्या निवासांपुढच्या ओट्यावर तिघेजण बसले होते. खाम्फन काका हे नोंग साराय गावच्या शाळेचे जुने शिपाई. निवृत्त झाले, तरी किल्ल्यांचा जुडगा अजून त्यांच्याच कमरेला असे. फाई आणि तोन ही नव्या सत्रात रुजू झालेली तरुण शिक्षक मंडळी. तोनला कोपऱ्यातले कुलूपबंद घर हवे होते आणि काका किल्ली द्यायला टाळाटाळ करत होते.

"छप्पर गळतं का?" तोनने विचारले.

"छप्पर चांगलंय."

"मग भूत आहे, असं सरळ सांगा ना, काका!"

"त्या घरात आता काही नाही," काका म्हणाले. "जे होतं, ते ती माणसं बरोबर घेऊन गेली."

तोनचे हसू अर्ध्यावर राहिले. फाईने पाय वर ओढून घेतले.

"आता अर्धवट नका हं सोडू. अंधारात बसवायचं, असलं काहीतरी बोलायचं आणि गप्प व्हायचं..."

"सांगतो. पण त्या घरातल्या माणसानं मला जेवढं सांगितलं आणि मी जेवढं पाहिलं तेवढंच. वरचा मीठमसाला माझ्याकडं मिळणार नाही. आणि तोन, मधे दात काढायचे नाहीत."

त्यानंतर काकांनी सांगितलेली हकीकत अशी.

आर्नेल हा फिलिपिन्सहून आलेला इंग्रजीचा शिक्षक. बायको देलिया हिच्यासह तो त्या कोपऱ्यातल्या घरात राहत असे. सकाळी झेंड्यापुढे मुलांच्या रांगेत उभे राहणे, वर्गाबाहेर बूट काढून अनवाणी शिकवणे, दुपारी मुलांबरोबर चिकट भाताचे गोळे करून खाणे, हे सारे त्याच्या अंगवळणी पडले होते. भाषा मात्र पुरती पडली नव्हती. त्याच्या तोंडून शब्द बरोबर येत, सूर चुकत, आणि चौथीची मुले त्याच सुरात त्याची नक्कल करत. तो हसत असे. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोहोचत नसे. देलियाची दोन मुले पोटातच गेली होती. दुसऱ्या खेपेनंतर त्याच्या आत काहीतरी बधिर झाले होते. आता तिला पुन्हा सातवा महिना लागला होता, आणि आनंद होऊ द्यावा की भीती वाटू द्यावी हे न ठरवता तो नुसता दिवस मागे टाकत होता.

मालिवान ही त्या चौथीतली मुलगी. तिची आई कामासाठी कोरियाला गेलेली. ती सीदा आजीपाशी वाढत होती. शब्दांच्या परीक्षेआधी ती उजव्या मनगटावर आतल्या बाजूला पेनाने शब्द लिहून यायची. आर्नेल तिचा हात उलटा करून, अंगठ्याला थुंकी लावून ते पुसून टाकायचा.

"पुसा, पुसा," ती म्हणायची. "मला तोवर पाठ झालेत!"

संध्याकाळी तो बाजारात जाई त्या वाटेवर आजीचे घर होते. शाळा सुटली की बुटांच्या फळीपाशी तो आपल्या चुकीच्या सुरात म्हणे, "चल, घरी." ती मोटरसायकलवर मागे बसायची. "गुरुजी, तुमच्या गाडीपेक्षा आमची म्हैस पुढं जाईल," असे रोज ऐकवायची. आणि आजीची गल्ली आली की बोलायची नाही. दोन बोटांनी त्याच्या खांद्यावर टकटक करायची. म्हणजे थांबा, माझे घर आले.

कार्तिकी पौर्णिमेला नदीत दिवे सोडतात, त्याच्या आधीच्या गुरुवारी मालिवान जिल्ह्याच्या इस्पितळात डेंग्यूने गेली.

त्या संध्याकाळी शाळेतर्फे फुलांचे चक्र पोहोचवायचे काम आर्नेलकडे आले. त्याने ते गाडीच्या मागच्या बाजूला दोरीने बांधले. देलिया दारात उभी होती. पोटुशी बाई अशा घरी जात नाही, म्हणून ती निघाली नव्हती.

"येताना सरळ घरी येऊ नकोस," ती म्हणाली. "आपल्याकडे जसं करतात तसं कर. वाटेत कुठंतरी थांब, थोडा वेळ बस. मागून काही आलं असेल, तर ते तिथंच राहील."

"तू मानतेस हे?"

"मी काही मानत नाही. पण हे तिसरं आहे, आर्नेल. या खेपेला मी काहीच सोडणार नाही."

त्याने मान हलवली. एवढे एकच काम होते: घरी काही न्यायचे नाही.

आजीच्या अंगणात मांडव घातला होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आणि शुक्रवारी कोणी चिता पेटवत नाही. त्यामुळे दहन शनिवारी ठरले होते. मांडवाखाली गावातले लोक पत्ते खेळत रात्र जागवत होते.

"या गुरुजी!" एकाने हाक मारली. "बसा एक डाव. इंग्रजीत हरलात तरी चालेल."

"अरे, त्यांना पेज तरी घेऊ दे आधी," काका म्हणाले. काका त्या दिवशी चुलीपाशी होते.

आर्नेल बूट काढून वर गेला. भिक्षूंचे पठण संपले होते. शेवपेटी बंद करण्यापूर्वी जो तो मृताच्या हातावर सुगंधी पाणी घालत होता. पांढऱ्या चादरीतून फक्त तिचा चेहरा आणि उजवा हात बाहेर होता. हात तळवा वर करून उशीवर ठेवलेला. त्याची पाळी आली. त्याने वाटीतले पाणी घातले.

मनगटावर आतल्या बाजूला काळा ठिपका होता.

आर्नेलला रडू आले नाही. त्याला काहीच झाले नाही. त्याने फक्त नेहमीप्रमाणे अंगठा ओला केला आणि तो ठिपका पुसला. काळे पुरते निघाले नाही. अंगठ्यामागून तळव्याच्या दिशेने ओढले गेले. आपण काय केले हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत मागच्या माणसाने वाटी पुढे केली होती. तो बाजूला सरला. सीदा आजी त्या वेळी भिक्षूंपुढे दान ठेवत होती. तिने पाहिले नाही.

खाली उतरल्यावर त्याने काकांना विचारले, "तिच्या हाताला काळं काय लागलंय?"

"काजळी. भाताच्या भांड्याच्या बुडाची," काका म्हणाले. "आजीनं लावलीय. परत जन्माला आली की ओळखता यावी म्हणून. खूण अंगावर घेऊनच मूल येतं, गुरुजी. तिची आई अजून तरुण आहे. आजीला वाटतं, पोर याच घरी येईल."

त्याच्या अंगठ्याच्या रेषांत अजून थोडे काळे होते. त्याने हात खिशात घातला.

निघताना तो पायऱ्यांपाशी आला. आपल्याकडे असल्या घरातून निघताना कोणी कोणाचा निरोप घेत नाही. कोणी कोणाला 'चल' म्हणत नाही. यजमान पोहोचवायला येत नाहीत. माणूस मुकाट उठतो आणि जातो. हे आर्नेलला माहीत होते. त्याच्या देशातही बरेचसे असेच असते. पण तो दिवसभर काही खाल्ल्यावाचून होता, डोके रिकामे होते, आणि समोर बुटांची फळी होती. मोठ्यांच्या चपलांच्या रांगेत कडेला काळ्या बुटांचा एक लहान जोड होता. टाचा दाबून चपटे केलेला.

त्याने आपले बूट घातले. आणि रोजच्या सुरात, कोणाकडेही न बघता म्हणाला...

"चल, घरी."

पत्ते थांबले. चुलीपाशी काकांच्या हातातली पळी तशीच राहिली. थोड्या वेळाने एकाने पान टाकले, आणि सगळ्यांनी ऐकलेच नव्हते असे झाले.

आर्नेलने गाडी सुरू केली. येताना मागे फुलांचे चक्र होते. आता काही नव्हते. तरी बसल्यावर मागचे चाक खाली दबले.

हवा कमी असेल, असे त्याने मनाशी म्हटले.

रस्ता कापणीला आलेल्या भातातून जात होता. दोन्ही बाजूंना वाळलेल्या पेंढ्याचा वास. ज्या वळणावर कुत्री रोज भुंकत, तिथे ती बसलेली होती. भुंकली नाहीत. उठून बाजूला झाली.

देलियाचे बोलणे त्याने पाळले. पेट्रोल पंपाजवळचे दुकान उघडे होते. तो बाहेरच्या बाकावर बसला. दुधाची पिशवी घेतली, फोडली नाही. शेजारच्या टेबलावर पंपावरची दोन पोरे नूडल्स खात होती.

"गुरुजी, आज एकटेच?" त्यांतला एक म्हणाला.

"एकटाच."

बराच वेळ तो बसून राहिला. पोरे उठून गेली. दुकानदाराने अर्धे दिवे मालवले. काहीच घडले नाही. आर्नेलला वाटले, झाले. जे काही होते ते इथे उतरले. त्याला हलके वाटायला हवे होते. तेही वाटले नाही.

तो गाडीवर बसला.

चाक दबले.

त्याने मागे पाहिले नाही. मागे बघायचे नाही, एवढे त्याला कळत होते. गाडी हळू चालवली... मग आणखी हळू. कानामागे कोणीतरी श्वास घेते आहे असे नव्हते. गार हात नव्हता. काहीच नव्हते. फक्त वजन होते. चौथीतल्या मुलीएवढे.

सीदा आजीची गल्ली केव्हाच मागे राहिली होती. पुढे तळे होते, भात दळायची गिरणी होती, शाळेचे फाटक होते. खांद्यावर कोणी टकटक केली नाही.

गिरणी गेली.

फाटक आले. त्याच्या घराच्या खिडकीत दिवा होता. देलिया जागी होती. पडद्यावर तिची सावली पडली होती. एक हात कमरेवर, एक पोटावर.

त्याला वळायचे होते. पुढे जायचे होते, कुठेही, सकाळ होईपर्यंत. त्याने मूठ पिळली...

खांद्यावर दोन बोटे.

टक. टक.

म्हणजे थांबा. माझे घर आले.

...

गाडी आपोआप थांबली की त्याने थांबवली, हे त्याला नंतरही सांगता आले नाही. मागचे चाक वर आले. अंगणातल्या वाळूत काही वाजले नाही. खिडकीतली सावली एकदम वाकली.

"आर्नेल!" आतून देलियाची हाक आली. ती रडत नव्हती. हसत होती. "अरे, इकडे ये! हिनं लाथ मारली! सबंध दिवस हलली नव्हती, मी तुला सांगितलं नव्हतं... अरे, ये ना!"

तो पायरीवर उभा राहिला. दुधाची पिशवी हातात होती. बूट काढायला त्याला फार वेळ लागला.

काका इथे थांबले. तोनने काडी पेटवली होती. ती बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्याने झटकली.

"मग?" फाईचा आवाज बारीक झाला होता. "बाळ?"

"नीट झालं. मुलगी. थंडी सरायच्या आत झाली, भरल्या अंगाची. गुरुजींनी शाळेत मिठाई वाटली. हसलेही असतील. मी बघत होतो, पण मला काही ठरवता आलं नाही."

महिनाभराने सीदा आजी पांढरा दोरा घेऊन बाळाला बघायला आली. आपल्याकडची रीतच आहे. नव्या जिवाचा प्राण अंगात टिकावा म्हणून म्हातारी माणसे मनगटाला दोरा बांधतात. काकांनीच तिला आणून सोडले होते.

"कोणासारखी आहे गं?" आजीने देलियाला विचारले. "बापासारखी नसली म्हणजे मिळवली. आमच्या पोरी त्याचं बोलणं ऐकून पोट धरून हसायच्या."

देलिया हसली. आजीने बाळाचा उजवा हातमोजा काढला आणि हात उलटा केला.

मग कोणी हसले नाही.

मनगटावर आतल्या बाजूला काळसर डाग होता. आजीने तो डोळ्यांजवळ नेला. पदर ओला करून पुसून पाहिला. बाळ शांतपणे तिच्याकडे बघत होते.

"मी ठिपका लावला होता," आजी अगदी हळू म्हणाली. "गोल ठिपका. ही शेपटी कुठून आली?"

डाग गोल नव्हता. एका टोकाला गोल, आणि तिथून तळव्याकडे ओढत नेलेला.

आर्नेल दारात उभा होता. तो जवळ आला, खाली बसला आणि आपला अंगठा त्या डागावर ठेवला. मोठ्या माणसाचा अंगठा, बाळाचे मनगट. तरीही त्याची कड डागाच्या कडेला लागली, रेषेला रेष.

आजीने त्याच्याकडे पाहिले. शिवी दिली नाही. काही मागितले नाही. दोरा उलगडून डागावरच बांधला, दोन गाठी मारल्या, आणि उठली.

पायरीवर तिने चपला घातल्या. मागे वळून बाळाकडे पाहिले. तिचे तोंड उघडले. काकांनी पाहिले, ओठांवर शब्द आला होता. तोच, दोन अक्षरांचा. देलियाने बाळाला छातीशी धरले...

आजीने तोंड मिटले. आणि काही न बोलता पायऱ्या उतरून गेली.

"ती एवढंच म्हणाली असती, तर?" तोनने विचारले.

काकांनी कमरेचा जुडगा चाचपला. सत्र संपताच ती माणसे आपल्या देशी परत गेली होती. निघण्याच्या दिवशी किल्ली द्यायला आर्नेल आला, तेव्हा बाळ त्याच्या खांद्यावर होते. दोरा कधीच सुटून पडला होता. डाग होता तसाच होता. आणि काका किल्ली घेत असताना, त्या झोपलेल्या बाळाची दोन बोटे गुरुजींच्या खांद्यावर हलत होती... हळूहळू... थांबा म्हणत असल्यासारखी.