अंगावरचे टाके

वहिनी डोंगरावर निघाली ती एका खोलीसाठी! घरातली रस्त्यालगतची खोली. तिथे तिचं शिवणयंत्र होतं, कापडं बेतायचं मेज होतं आणि खिडकीतून भरपूर उजेड यायचा. थोरल्या नणंदेला, म्हणजे ताईला, तीच खोली व्यायामाच्या वर्गासाठी हवी होती. ताई शाळेत खेळ शिकवायची आणि घरीसुद्धा तोंडात शिट्टी असल्यासारखी वागायची.

"जन्मभर बसून काम केलेली बाई तू," ताई एकदा भर जेवणात म्हणाली. "चल माझ्याबरोबर डोंगराच्या शर्यतीला. जी आधी 'पुरे' म्हणेल, तिनं खोली सोडायची!"

"चला," वहिनी म्हणाली. नवऱ्यानं मान खाली घालून जेवण उरकलं. बायको आणि बहीण यांच्यामध्ये बोलायचं नसतं, एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर आलं होतं.

शर्यत जोडीची होती. दोघींनी मिळून शिखरावरची कमान गाठायची. एक थांबली की दुसरीही बाद. जोडी कसली, विळ्या-भोपळ्याचं सख्य! तयारीच्या काळात दोघींचा अबोला होता. पिशव्या भरल्या त्याही आपापल्या खोलीचं दार लावून.

सुरुवातीच्या रेषेवर तपासनिसानं विचारलं, "थंडीची चादर? जोडीला एक हवीच."

दोघींनी एकमेकींच्या पिशवीकडे बोट दाखवलं. त्यानं मान डोलावून पुढच्या जोडीकडे पाहिलं.

चढ सरता सरेना. रानातली वाट संपली, मग दगडधोंडे आणि पायाखालून घरंगळणारी खडी लागली. ताई पुढे, वहिनी मागे. वहिनीच्या मांड्या भरून आल्या, छाती फाटायची वेळ आली, पण 'पुरे' हा शब्द तिनं दाताखाली दाबून धरला. ताई मागे वळून पाही ते फक्त ती पडली का, हे बघायला.

खिंडीतली मदतीची चौकी मागे पडली, तसा वारा आडवा आला. मग गारा! चेहऱ्यावर, कानांवर, बोटांवर. वाट दिसेना.

"हळू, ताई!"

"पुरे का?"

"मुळीच नाही!"

ताई फणकाऱ्यानं वळली आणि तिचा पाय सरकला. खडी सुटली! ती घसरत खाली गेली आणि एका खडकाला अडकली. वहिनी बसत, सरपटत तिच्यापाशी पोचली. ताईचा घोटा मुरगळला होता. जाकिटाची चेन तुटून ते सताड उघडं पडलं होतं, आतला सदरा चिंब होता.

"चादर काढ," ताई म्हणाली.

"तुमच्याकडे आहे ना?"

चादर कुणीच आणली नव्हती. वहिनीनं स्वतःचा कोरडा स्वेटर काढून तिला घातला, आणि गळपट्टीत कायम खोचलेली सुई ओढली. पिशवीच्या पट्ट्यासाठी आणलेला जाड दोरा होताच.

"अंगावरचं शिवू नये म्हणतात," ताई पुटपुटली.

"गप्प बसा!"

बोटं बधिर झाली होती. सुई निसटली, सापडली. वहिनीनं दातांनी दोरा ओढला. टाका, गाठ, टाका! गळ्यापासून कमरेपर्यंत जाकीट बंद झालं.

"आता वर," ताई म्हणाली. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही! कमान फार लांब नव्हती. पण ताईची थरथर थांबली होती, जीभ जड झाली होती. थरथर थांबणं वाईट, हे वहिनीनं सुरुवातीच्या सूचनांत ऐकलं होतं. वर गेलो तर ही मरेल, हे तिला लख्ख कळलं. ती खिडकी, तो उजेड आठवून तिला रडू फुटलं.

"पुरे!" ती ओरडली. "ऐकलंत? मी म्हणाले, पुरे!"

तिनं पिशवीतला दोर काढून दोघींच्या कमरेला बांधला, ताईचा हात खांद्यावर घेतला आणि खिंडीतल्या चौकीकडे उतरू लागली. पडली, उठली, ताईला शिव्या घालत जागं ठेवलं. चौकीच्या दारात दोघी एकदमच कोसळल्या.

पुढच्या आठवड्यात वहिनी शिवणयंत्राचा पट्टा सोडवत होती. कुबडीचा आवाज आला. दारात ताई! तिनं ते जाकीट मेजावर आपटलं. टाके अजून तसेच होते.

"डोक्यावरून काढावं लागतं. उसव, आणि नवी चेन लाव."

"यंत्र बांधतेय. खोली आता तुमची."

"माझी ना?" ताईनं स्टूल ओढलं आणि पाय लांब करून बसली. "मग माझ्या खोलीत बसून लाव. आणि उद्यापासून रोज इथंच बसायचं. कळलं?"