चमकणारे दाणे

इराच्या कोंबडीची दोन पिल्ले मेली आणि उरलेली नऊ पंख पाडून कोपऱ्यात बसली. मांजर फिरकले नव्हते, गावात कोंबड्यांच्या रोगाची साथही नव्हती. मग झाले काय? आठ दिवस पिल्ले एकच खाऊ खात होती, इराने सोललेल्या भुईमुगाच्या शेंगांचे मोडके, सुरकुतलेले दाणे. त्याच पोत्यातले टपोरे दाणे आईने ठेवले होते उद्याच्या बालवाडीच्या लाडवांसाठी. नेमके हेच इराला सारखे टोचत होते.

नशिबाने त्या दिवशी धान्य तपासणारी गाडी गावात होती. इराने बोलावल्यावर तिच्यातून पारखी उतरला आणि घरी आला. हा यंत्रमानव गुडघ्याएवढाच, पण तोरा एखाद्या हेडमास्तराचा!

"खोलीत अंधार कर पाहू," म्हणत त्याने दाण्यांवर अतिनील (आपल्या डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश सोडला. काही दाणे निळसर हिरवे चमकले.

"अय्या, किती छान!" इरा हरखली.

"छान कसलं! बुरशी लागलीय. अर्थात, चमक म्हणजे नुसता संशय. खात्री ही पट्टी करेल." पारखीने दाणे दळून पाण्यासारख्या औषधात ढवळले, त्यात पट्टी बुडवली आणि मान हलवली. "अफ्लाटॉक्सिन (बुरशीने तयार केलेलं विष). रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी यकृत (रक्तातली विषं निकामी करणारा अवयव) खराब होतं. पिल्लांचं यकृत इवलंसं, म्हणून त्यांना आधी बाधलं."

"पण आई दाणे भाजते ना?"

"भाजल्यावर बुरशी मरते. तिनं केलेलं विष बरंचसं तसंच राहतं."

आई दचकली. "शेंगा तर खणखणीत वाळवल्या होत्या हो."

"मग त्यांना ओल कुठून मिळाली?"

इराचा चेहरा उतरला. टरफल मऊ पडावे, बोटे दुखू नयेत, म्हणून ती रोज शेंगांवर पाणी शिंपडून पोते झाकून ठेवायची. ओल आणि ऊब, बुरशीला आणखी काय हवे!

"मीच मारली पिल्लं," ती हुंदके देऊ लागली.

"अगं, शिकवलं मीच तुला," आईने तिला जवळ घेतले. "मला सासूबाईंनी. सगळं गाव शिंपडतं."

ते पोते खोल खड्ड्यात पुरले. बालवाडीला राजगिऱ्याचे लाडू गेले.

जाताना पारखी म्हणाला, "या बुरशीची बिनविषारी भावंडं शेतात सोडतात. ती जागा अडवतात, मग विषारी बुरशीला थारा कमी मिळतो. पुढच्या हंगामात तुमच्याकडेही आणू. पण घरात पाणी शिंपडलंत, तर माझा इलाज नाही."

नऊपैकी सात पिल्ले वाचली. नव्या शेंगा आल्या, तेव्हा इरा त्या कोरड्याच सोलत बसली. अंगठ्याला टरटरून फोड आला. तो पाहून आईला राहवेना. तिचा हात सवयीने पाण्याच्या तांब्याकडे गेला.

इराने तांब्या मागे सरकवला. "राहू दे, आई. फोड चार दिवसांत बरा होतो."