रांगेतला शेवटचा हात

गाणं खपत नसेल तर हात मिळवावे लागतात, ही आमच्या धंद्यातली रीत. एका सीडीबरोबर एक चिठ्ठी, आणि एका चिठ्ठीवर गायिकेशी तीन सेकंद हस्तांदोलन. तीन सेकंद झाले की चाहत्याच्या खांद्यावर थोपटून त्याला पुढे सरकवायचं, हे माझं काम. आमच्यात याला ‘सोलणं’ म्हणतात; बावीस वर्षं मी माणसं सोलतोय. तेवढी संत्री सोलली असती तर बायकोला तरी उपयोग झाला असता.

आमची गायिका सायोको हिरानुमा चौतिशीची. हे गाणं खपाच्या यादीत पहिल्या शंभरात आलं नाही तर करार संपला, असं कंपनीने तिला केक भरवून सांगितलं होतं.

“कुसाकाबेसान, ठरलंय माझं,” ती म्हणाली. “समोरच्याने सोडल्याशिवाय मी हात सोडणार नाही.”

“मग माझी नोकरी कशाला?”

“तुम्ही थोपटा की! कोण नको म्हणतंय?”

आकिता, उत्तर जपान. दुकानाची गच्ची, भरदुपार, बर्फ. एकोणीस चिठ्ठ्या, एकोणीस माणसं. रांग संपली तरी तिने पुन्हा हात पुढे केला, वाकली.

“एवढ्या थंडीत आलात. आभारी आहे.”

समोर कुणीच नव्हतं. तिची बोटं मात्र एकमेकांवर दाबली जाऊन पांढरी पडली होती.

“तालीम चाललीय का?”

“हळू बोला हो. त्यांचा कोट सगळा भिजलाय.”

त्या आठवड्यात गाणं शहाण्णवावं आलं. यामागातात चौतीस चिठ्ठ्या जमल्या. ती पस्तीसदा वाकली. गाणं एकसष्टावं. नीगातानंतर चोविसावं. शेवटचं हस्तांदोलन दर वेळी लांबत गेलं. आधी मिनिटभर, मग स्टेशनपर्यंत, मग गाडीतही.

“सोडा आता,” मी म्हणालो.

“मी आधी सोडणार नाही. सांगितलंय ना?”

डिसेंबरात गाणं पहिलं आलं.

कंपनीचा केक या वेळी मोठा होता. मेकअपच्या खोलीत स्वच्छ ऊन पडलेलं. अभिनंदनासाठी मी हात पुढे केला. तिने डावा दिला.

“उजवा रिकामा नाही.”

उजवा हात मनगटापर्यंत निळा पडला होता. ती हसत होती, ओठ घट्ट मिटून.

“कुसाकाबेसान, तुमचं काम करा ना.”

वेड्यासारखं वाटलं. तरी तिच्यासमोर, जिथे माणसाचा खांदा असतो, तिथे मी थोपटलं.

हात लोकरीवर पडला. ओली होती.

मी पुन्हा थोपटलं. पुढे कुणी सरकलं नाही.