वज्रनावाडी

"ही यादी चुकलीय, शेठ."

थिएन-लायने मान वर केली. हातातलं कोरणं तसंच थांबलं. दुकानात येणारं गिऱ्हाईक शिक्क्याबद्दल बोलतं, किती दिवस लागतील विचारतं, घासाघीस करतं. भिंतीवरच्या कागदाबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"कुठली यादी?"

"ही काय. 'क्लेटन वॉर्डचे उत्तम दहा सिनेमे'. त्यात त्याचा सगळ्यात चांगला सिनेमाच नाही. आणि पहिली ओळ कोरी! एकाने सुरुवात करायची सोडून तुम्ही दोनापासूनच मोजायला लागलात?"

बाई पन्नाशीची असेल. डोळ्यांवर जाड चष्मा, बाहीला पीठ लागलेलं. बोलणं समजत होतं, पण सूर वेगळा होता. हाँगकाँगची, हे त्याने पहिल्याच वाक्यात ओळखलं.

"ती यादी माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला.

"मग त्यांनाच विचारते. आहेत?"

"नाही."

त्या 'नाही'चा अर्थ तिला कळला असावा. तिने चष्मा नीट केला.

थायनानच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत हुंग थिएन-लायचं नावाचे शिक्के कोरायचं दुकान होतं. आता यंत्रं आली, दहा मिनिटांत शिक्का मिळतो. हा मात्र अजून हाताने कोरायचा. सू-छ्यू जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी नवऱ्यासोबत तायपेईला. थिएन-लाय भात करायचा तो एका माणसाचा, पण सवयीने दोन माणसांचा व्हायचा. मग दुसऱ्या दिवशी तोच खायचा. दिवसभरात कधी कधी त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "परवा या."

"शिक्का हवाय," बाई म्हणाली. "घरमालक म्हणतो, करारावर सही चालणार नाही. आमच्याकडे सगळं सहीवर चालतं. पन्नास वर्षं मी शिक्क्याशिवाय जगले, आणि इथे तो नसेल तर मी कुणीच नाही म्हणे."

तिने कागदावर नाव लिहून दिलं. त्याने वाचलं, "लिऊ ह्वे-शिन."

"तुमच्या तोंडी तसं. घरी मी लाउ वाय-साम."

"अक्षरं तीच."

"अक्षरं तीच आहेत हो. पण बेकरीत कुणी 'लिऊ' म्हणून हाक मारली, की मी वळूनच बघत नाही. वाटतं, दुसऱ्या कुणाला बोलावतायत." ती हसली. हसताना डोळे मात्र यादीकडेच होते. "कधी मिळेल?"

"परवा या."

*

परवा ती आली ती अंड्याची मलई भरलेल्या, भाजलेल्या पिठाच्या चार वाट्या घेऊन. बेकरीत ती त्याच करायची. शिक्का तयार होता. तिने तो कागदावर उमटवून पाहिला, मान तिरकी केली, पुन्हा उमटवला. निघायचं नाव मात्र घेईना.

"तुमच्या यादीतले सगळे सिनेमे 'वज्र' कसे हो? 'वज्रपंजा', 'वज्रसूड'... आणि हा कोण, 'वज्रसासरा'?"

थिएन-लायला हसू आलं. किती दिवसांनी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"त्याचा पहिला सिनेमा आमच्याकडे 'वज्रपंजा' नावाने लागला. तुफान चालला. मग नावं ठेवणाऱ्यांनी त्याच्या प्रत्येक सिनेमाला वज्र चिकटवलं. एकात तो मुलीचं लग्न लावायला निघालेला भित्रा बाप झाला होता, तरी वज्रसासरा."

"अगं बाई! आमच्याकडे त्या सिनेमाचं नाव होतं 'रेशीम पांघरलेला वाघ' की असंच काहीतरी... नाही, 'रेशमी वाघ'!" ती पोट धरून हसली. "आणि 'पल्याड कुणीतरी' कुठाय? तो पहिला नंबर. त्यावर वाद नाही."

"असा सिनेमाच नाही. मी त्याचे सगळे पाहिलेत."

"नाही कसा? मी अकरा वेळा पाहिलाय. माझी आई काऊलूनच्या थिएटरात तिकिटं फाडायची. मी दहा वर्षांची. त्या उन्हाळ्यात त्याचा तेवढाच एक सिनेमा लागला होता, दोन महिने हलला नाही."

थिएन-लायच्या हातातली वाटी कलंडली.

"कोणता उन्हाळा?"

तिने साल सांगितलं.

सू-छ्यू लग्नाआधी एकदाच देशाबाहेर गेली होती, हाँगकाँगला आत्याकडे, त्याच उन्हाळ्यात. तिथे क्लेटन वॉर्डचा एक सिनेमा पाहिला, तोच सगळ्यात चांगला, असं ती छत्तीस वर्षं सांगत राहिली. नाव सांगायची नाही, गोष्ट सांगायची नाही. "तू शोध. सापडला की मग पहिली ओळ भरू." तो चिडायचा. त्याच्या मनात एक काटाही होता, कधी बोलून न दाखवलेला... कुणाबरोबर पाहिला होता तिने? त्या सिनेमाबद्दल बोलताना गाल का लाल व्हायचे? शेवटच्या आठवड्यात त्याने विचारलं होतं. ती औषधाच्या गुंगीत हसली आणि म्हणाली, "तो तर तूच होतास, वेड्या." त्याला वाटलं, तिला भ्रम झालाय. काटा तसाच राहिला.

"गोष्ट काय आहे?" त्याने विचारलं.

"एक नावाडी असतो. न बोलणारा. दर गुरुवारी एक बाई पल्याड जाते..."

"थांबा." तो उठून उभा राहिला. "त्यात बकरी आहे का?"

"आहे की! बोटीत चढायलाच तयार नसते—"

"आणि धुकं?"

"पहिली दहा मिनिटं नुसतं धुकं."

थिएन-लायने यादीच्या तळाशी बोट ठेवलं. दहावा नंबर, 'वज्रनावाडी'. शेजारी सू-छ्यूच्या अक्षरात कंसात लिहिलं होतं, '(तू म्हणतोस म्हणून)'.

"हा इथे लागला तेव्हा मुलगी पोटात होती. सू-छ्यूला ओकाऱ्या. मी एकटा गेलो. जाहिरातीवर त्याच्या हातात बंदूक दिलेली, मागे आगीचे लोळ. बघतो तर काय, बकरी! पंधरा मिनिटांत घोरायला लागलो. घरी येऊन सांगितलं, भिकार आहे, यादीत घ्यायचाच तर शेवटी टाक."

"आणि त्यांनी टाकला." वाय-सामने चष्मा काढून पुसला. "पहिला आणि दहावा एकच... शेठ, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही."

*

गल्लीच्या तोंडाशी एक जुनं थिएटर होतं. जाहिराती अजून हाताने रंगवणारं, एका तिकिटात दोन सिनेमे दाखवणारं. क्लेटन वॉर्डने काम सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा थिएटरवाल्याने टूम काढली: प्रेक्षकांनी त्याच्या सव्वीस सिनेमांचे क्रम लावून द्यावेत. रविवारी दुपारी पहिल्या नंबरचा सिनेमा आणि त्याच तिकिटात शेवटच्या नंबरचा. "एक बघून पोट भरा, दुसरा बघून पचवा," असं त्याने फलकावर लिहिलं होतं.

दोघं दुकानातल्या बाकावर चिठ्ठ्या घेऊन बसली. मधे तिच्या मलईच्या वाट्या.

"नीट विचार करा हं," वाय-साम म्हणाली. "आपल्याला नावाडी बघायचाय. तो शेवटचा आला तरच दिसणार. आपण पहिला लिहिला आणि चुकून वर सरकला, तर गेला. शेवटून दुसऱ्याला कुणी विचारत नाही."

"मग शेवटी लिहू."

"लिहा."

थिएन-लायने लेखणी टेकवली, उचलली. शेवटी एकदा लिहून झालं होतं त्याचं. अडतीस वर्षांपूर्वी, घोरून उठल्यावर.

"नाही होत," तो म्हणाला. "दिसला नाही तरी चालेल. पुन्हा शेवटी नाही लिहिणार."

तिने त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग आपल्या चिठ्ठीवर हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं.

"दाखवा की."

"मत गुप्त असतं, शेठ."

"शेठ काय सारखं? मला नाव आहे. थिएन-लाय."

"आणि मला? तुम्ही तर नुसतं 'बाई, बाई'."

त्याने तोंड उघडलं. 'लिऊ' म्हणावं तर ती वळणार नाही. 'लाउ' म्हणायची जीभ नव्हती... तो शिक्क्याचा दगड पुसत बसला.

समोर सोयाची गोड खीर विकणाऱ्या चिन-ये काकू हे सगळं पाहत होत्या. वाय-साम गेल्यावर त्या वाटी घेऊन आल्या.

"काय रे लाय, एका शिक्क्याला किती दिवस लागतात? ती चौथ्यांदा आली."

"सिनेमाचं काम आहे."

"आमच्या वेळीही सिनेमाचंच काम असायचं," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "सू-छ्यूला राग नाही यायचा. मला माहीत आहे. तिच्याबरोबर तीस वर्षं भांडलेय मी."

त्या रात्री त्याने भात एका माणसाचाच केला, आणि तो त्याला कमी पडला.

*

शनिवारी निकाल लागला. पहिला 'वज्रपंजा', तीनशे बारा मतं. अगदी तळाला 'वज्रनावाडी'. पहिल्या पसंतीची मतं फक्त दोन. फलकासमोर पोरं खिदळत होती. "हे दोन वेडे कोण?"

थिएन-लायच्या मागे उभी राहून वाय-साम हळूच म्हणाली, "एक मी. दुसरा कोण, मला तरी माहीत नाही."

रविवारी 'वज्रपंजा'ला थिएटर गच्च भरलं. तो संपला आणि माणसं भराभर उठली. धुकं सुरू झालं तेव्हा आत सात जण उरले होते. बकरी आली. थिएन-लायला झोप आली नाही. बाहेर दुपारची सर पत्र्यावर वाजत होती.

सिनेमात फारसं काही घडत नव्हतं. ती बाई बोटीत पाठ करून बसायची. नावाडी वल्हवायचा. पल्याड एक कठीण चढ होता, तिथे ती दर वेळी अडखळायची, तो बघत राहायचा. शेवटच्या गुरुवारी तो आधी उतरला. वल्ह्याने, दोराने मळलेला आपला हात त्याने पँटला पुसला. एकदा. मग उलटा करून पुन्हा. आणि तळवा वर करून तिच्यासमोर धरला. एक शब्द नाही.

थिएन-लायने खुर्चीचा हात घट्ट पकडला.

मध्यस्थाने त्याची नि सू-छ्यूची भेट देवळाच्या अंगणात ठरवली होती. पाऊस पडून गेलेला. बाहेर पडताना गटार तुंबून वाहत होतं. ती काठावर थांबली. त्याला काय बोलावं सुचेना. हाताला दगडाची भुकटी लागलेली, सकाळपासून कोरत होता. त्याने हात पँटला पुसला. उलटा करून पुन्हा पुसला. आणि पुढे केला. ती त्या हाताकडे बघत राहिली आणि अशी हसत सुटली, की मध्यस्थ गांगरला. थिएन-लायला वाटलं, संपलं, आपल्या मळक्या हाताला हसली. संध्याकाळी तिचा होकार आला. का आला, हे त्याला कधी कळलं नाही.

तो तर तूच होतास, वेड्या.

पडद्यावर अक्षरं वर सरकू लागली, दिवे लागले. वाय-सामने त्याच्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून रुमाल काढून दोन खुर्च्यांमधल्या हातावर ठेवला आणि समोरच बघत राहिली. त्याने तो उचलला. कुणाबरोबर पाहिला होता, हे त्याने आता कुणालाही विचारलं नसतं.

बाहेर सर थांबली होती. पायरीखालून पाण्याचा लोंढा वाहत होता, रंगवलेल्या जाहिरातीचा लाल ओघळ त्यात मिसळत होता. थिएन-लाय ओलांडून पलीकडे गेला. वाय-साम कापडी बूट घालून पायरीवरच उभी.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी पाणी ओसरलं की येते. मला सवय आहे थांबायची."

तो दोन पावलं गेला. घरी जायचं होतं, भात टाकायचा होता. मग तो वळला. हात स्वच्छ होता, आज रविवार, दगडाला शिवलाही नव्हता. तरी त्याने तो पँटला पुसला. उलटा करून पुन्हा पुसला. आणि तळवा वर करून धरला.

वाय-सामच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. सिनेमा तिने अकरा वेळा पाहिला होता. आज बाराव्यांदा.

"नक्कल करता होय?" तिने विचारलं.

"नाही. माझी जुनी सवय आहे..." त्याने श्वास घेतला. "वाय—साम."

"सूर चुकला," ती म्हणाली. पण ती वळली होती, पूर्ण, त्याच्याकडे. "त्या सुरात त्याचा अर्थ भलताच होतो."

"मग शिकवा."

तिने हात दिला आणि उडी मारली. एक बूट भिजलाच. पलीकडे आल्यावर दोघं तशीच उभी राहिली, चालायचं सुचेना.

"पहिली ओळ भरणार आता?" तिने विचारलं.

"आज भरतो."

"म्हणजे नावाडी दहाव्यावरून पहिला. मग दहावी ओळ कोरी झाली की हो!"

थिएन-लायने विचार केला. खरंच होतं ते.

"झाली," तो म्हणाला. "यादीबाहेर त्याचे सतरा सिनेमे आहेत. त्यातून एक निवडावा लागेल. आठवड्याला एक पाहिला तरी... चार महिने."

"आणि आपलं पटलं नाही तर?"

"परत पहिल्यापासून बघायचे."

समोर चिन-ये काकूंनी खिरीच्या भांड्यावर झाकण ठेवायचं म्हणून उचललं होतं, ते हातातच राहिलं. वाय-सामने त्या दिशेने पाहिलं, लाजली, पण हात काही सोडवून घेतला नाही.