रिकाम्या जागेवरची सावली

माझी एकुलती मुलगी एव्हान्थिया हिची सोयरीक पांताझीसशी झाली, ते १९६४ साल. साखरपुडा ईस्टरनंतर उरकला आणि लग्न घर उभं राहिल्यावर करायचं ठरलं. आमच्यात मुलीला घर बापानेच द्यायचं असतं. मी एपिरसच्या डोंगरातला गवंडी. दुसऱ्यांची शंभरेक घरं बांधली होती, त्यामुळे भिंतींची काळजी नव्हती. प्रश्न जागेचा होता.

अथेन्सच्या गर्दीतून बाहेर पडायचं तर चांगल्या जागा दोनच, असं सगळे म्हणत. उत्तरेला किफिसिया, दक्षिणेला वूला. किफिसियात चिनारांची दाट झाडी, गार वारा, गाडी थेट शहरात नेणारी. वूलात समोर समुद्र, झुडपांची मोकळी जमीन, आणि संध्याकाळी आभाळ इतकं मोठं की माणूस गप्प व्हावा. दोन्हीकडे एकेक तुकडा माझ्या ऐपतीत बसत होता. दलालाने पंधरा ऑगस्टच्या, देवमातेच्या सणापर्यंत मुदत दिली होती.

पांताझीसच्या आईचं, पोलिक्सेनीबाईंचं, मत किफिसियाचं. आमच्या घरी कॉफी पिता पिता त्या म्हणाल्या की घरंदाज माणसं किफिसियाला राहतात, समुद्राकाठी कोळी राहतात. माझी बायको गारिफालिया त्यांच्यापुढे गोडाची बशी सरकवत म्हणाली, “विहीणबाई, मासे मात्र तुम्ही कोळ्यांकडूनच घेता ना?” पोलिक्सेनीबाईंनी गोड खाल्लं.

एव्हान्थियाला वूला हवं होतं. गारिफालियाला तर त्याहून जास्त. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून ती त्याच्याबद्दल माहेरच्या माणसासारखं बोलायची.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. दलालाचा नकाशा माझ्या काही उपयोगाचा नव्हता. मी जागा पायांनी मोजायचो. जुलैच्या एका दुपारी सुतळीचा गुंडा आणि चार खुंट्या घेऊन एकटाच वूलाला गेलो. साडेचार वाजले असतील. आमच्याकडे ती वेळ निजेची. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. रातकिड्यांसारखे किडे झाडांवर एकसुरात किरकिरत होते. जमिनीतून ऊन वर येत होतं.

खुंट्या ठोकल्या. घामाने डोळे चुरचुरत होते. जागेच्या मधोमध सावली पडली होती, तिच्यात जाऊन उभा राहिलो आणि बरं वाटलं. शेजारचं घर किती उंच आहे, आपलं ऊन अडवेल का, हे बघावं म्हणून सवयीने सुतळी सावलीवर टाकली. गवंडी असंच करतात. सावली मोजली की उंची कळते. जोत्यापासून वर मोजत गेलो. दोन मजले. पुढे आलेला सज्जा. सज्ज्याच्या कठड्याचे गज जमिनीवर स्वच्छ उमटले होते. कठड्याला टेकून एक बाई उभी होती, तिच्यावरूनही सुतळी गेली. मग धुराडं. मी गाठ मारली आणि वर पाहिलं.

वर काही नव्हतं. पश्चिमेला फक्त सूर्य होता, आणि त्याच्याखाली समुद्र.

मी खाली पाहिलं. सावली होती. माझी स्वतःची सावली तिच्यात मिसळून गेली होती. हात जमिनीला लावला. पलीकडची माती पोळत होती, इथली विहिरीच्या कठड्यासारखी थंड. किडे किरकिरत होते, पण सावलीच्या आत तो आवाज भिंतीपलीकडून यावा तसा येत होता. बाईने हात उचलला आणि टेबलावरची चादर झटकावी तसं काहीतरी झटकलं.

मी घाबरलो असं म्हणणं खरं होणार नाही. देवळात पहिल्यांदा घुमटाखाली उभं राहिल्यावर लहानपणी झालं होतं, तसं झालं. टोपी काढून हातात घेतली. मग सुतळीकडे नजर गेली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट आहे. पाया घालताना जाणाऱ्यायेणाऱ्या माणसाची सावली सुतळीने मोजतात. घर त्या माणसाला धरून उभं राहतं, आणि तो माणूस फार दिवस जगत नाही. माझ्या उस्तादाने हे एकदा केलेलं मी पाहिलं होतं. मी कधी केलं नाही. आणि आता ती बाई मोजली गेली होती. तिचं तोंड सावलीत कुठून दिसणार? पण बांधा सडपातळ होता. माझ्या घरात तशा दोघीच होत्या.

सुतळी समुद्रात फेकून दिली. त्याचा काही उपयोग झाला नसावा.

घरी गारिफालियाला सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मला घेऊन गेली. सावली होती, सज्जा रिकामा होता. तिने चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं, उजवं. खोल्याखोल्यांतून फिरावं तशी ती सावलीतून फिरली. धुराड्यापाशी थांबली. धुराड्याची टोपी किंचित डावीकडे झुकलेली होती. माझे वडील तशीच बसवायचे, मीही तशीच बसवतो.

“घर चांगलं बांधलंयस, मिस्त्री,” ती म्हणाली.

“मी नाही बांधलं. बांधणारही नाही.”

“किती गार आहे बघ.”

त्या संध्याकाळी मी दलालाला किफिसिया सांगितलं. एव्हान्थिया दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाबा, तुम्ही तुमच्या विहीणबाईंना घाबरलात.” मी हो म्हटलं. खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

किफिसियाचं घर पुढच्या वर्षी उभं राहिलं. दोन मजली, पण सज्जा मी बांधला नाही. पांताझीस विचारत राहिला, मी वाऱ्याचं कारण देत राहिलो. लग्न झालं. आम्ही म्हातारा-म्हातारी खालच्या मजल्यावर राहायला गेलो. शेजारच्या क्लिओनिकीबाईंना धास्ती होती की आमचा वरचा मजला त्यांच्या टोमॅटोंचं ऊन खाईल, आणि खरंच खाल्लं. दोन वर्षं त्यांचे टोमॅटो हिरवेच राहिले आणि त्या कुंपणापलीकडून मला रोज ऐकवत राहिल्या.

१९६७ च्या उन्हाळ्यात भावाच्या दिवसांसाठी मी गावी गेलो, तीन आठवडे राहिलो. परत आलो तेव्हा घराला सज्जा होता. पांताझीसने दुसरा गवंडी लावला होता. त्याला मला खूश करायचं होतं, हे मी समजू शकतो. बापुडा तोंडभर हसत उभा होता.

आठवड्याभराने क्लिओनिकीबाई टोमॅटोंची टोपली घेऊन आल्या. लाल, फुटायला आलेले. म्हणाल्या, “देव तुमचं भलं करो मिस्त्री, यंदा तुमच्या घराने माझं ऊन अडवलं नाही.”

मी त्यांच्या वाफ्यात जाऊन उभा राहिलो. साडेचारचं ऊन होतं. चिनाराची सावली पडली होती. कुंपणाची पडली होती. माझी पडली होती. टोमॅटोंच्या वाफ्यावर, जिथे दोन वर्षं आमचं घर आडवं पडायचं, तिथे लख्ख ऊन होतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नसलेली सावली कोण बघतं?

त्या रात्रीपर्यंत थांबलो नाही, तेव्हाच गारिफालियाला बाहेर बोलावून दाखवलं. तिने घराकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग दक्षिणेकडे, जिकडे मधे सगळं शहर पसरलेलं होतं आणि त्यापलीकडे वूला. तिने हळूच छातीवर क्रूस काढला.

“म्हणजे तिकडे पडतेय,” ती म्हणाली. “तीस किलोमीटरवर. केवढं मोठं आहे रे हे सगळं.”

मी म्हटलं की सज्जा पाडून टाकतो, उद्याच.

“सुतळी आधीच पडलीय. आता पाडून काय?” मग थोडा वेळ तिने ॲप्रनला हात पुसले. “दोघींपैकी एक आहे म्हणालास ना? मग ती सावली माझी असू दे.”

मी तिच्याशी भांडलो. चाळीस वर्षांत तेवढं कधी भांडलो नव्हतो. तिने ऐकलं नाही. एव्हान्थियाला तेव्हा सहावा महिना होता. गारिफालियाने तिला सांगितलं की पोटुशीने सज्ज्यावर जाऊ नये, वारा बाधतो. बाळ झाल्यावर सांगितलं की ओली बाळंतीण आहेस, जाऊ नकोस. चादर झटकायला, कपडे वाळत घालायला, भाजीवाल्याला हाक मारायला ती स्वतःच जायची. साडेचार वाजले की काम नसतानाही जायची. कठड्याला टेकून दक्षिणेकडे तोंड करून उभी राहायची.

पांताझीस म्हणायचा, “सासूबाई, तिकडून काय समुद्र दिसतो काय?”

“तुला नाही दिसत?” ती विचारायची.

एव्हान्थिया चिडायची, म्हणायची की घर माझं आणि सज्जा आईचा. गारिफालिया म्हणायची, “हो, माझाच.”

मी एकदाच पुन्हा वूलाला गेलो. बसने, ऑगस्टमध्ये. आजूबाजूला घरं झाली होती. तो तुकडा ज्याने घेतला त्याचे वारस कोर्टात कज्जा लढत होते, म्हणून रिकामाच होता. माझ्या खुंट्या अजून आहेत का, ते शोधलं नाही. कडेला उभा राहिलो.

सावली आली. जोतं, दोन मजले, झुकलेलं धुराडं, सज्जा.

किफिसियात सज्ज्याचं दार सहा महिने बंद होतं. मीच त्याला खिळे मारले होते.

बाई कठड्याशी उभी होती. तिने चादर झटकली, दोन झटके हलके आणि तिसरा जोरात. मनगटाची ती लकब मी कुठेही ओळखली असती.

मी तिला हाक मारली नाही. सावलीच्या आत समुद्राचा आवाज येत नव्हता. चिनारांची पानं वाजत होती.

तिने चादरीची घडी केली. आत वळली. एक खुर्ची बाहेर आणून ठेवली, आणि मग दुसरी.

माझी बायको गारिफालिया सहा फेब्रुवारी १९६८ ला, मंगळवारी, किफिसियाच्या घरात वारली. वूलाला मी गेलो ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.