हातांचे जादा पडतील

"यांना झालंय काय? गारठलेत का दोघं?"

मी प्रिंट काउंटरवर आपटली तेव्हा काउंटरमागचा माणूस चहा पीत होता. त्याने कप बाजूला ठेवला आणि चित्राकडे पाहिलं. बाकावर शेजारी शेजारी बसलेले एक आजी-आजोबा. चेहरे निळसर, ओठ जांभळे, आणि आजोबांच्या हातावर ठेवलेला आजींचा हात तर थेट शाईत बुडवून काढलेला.

"तुमच्या मशीनने रंगांची वाट लावली. नवीन काढून द्या. फुकट."

"बरं... आधी बसा तरी."

"मी बसायला आलेली नाही."

तो हसला नाही, हे त्याचं नशीब. "लॅपटॉप आणलाय?" त्याने विचारलं. आणलाच होता, भांडायला जाताना पुरावा लागतो. माझ्या पडद्यावर आजी-आजोबा छान गव्हाळ होते. मी विजयी नजरेने त्याच्याकडे पाहिलं. त्याने वाकून कोपऱ्यातलं एक बटण दाबलं... आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघंही निळे पडले.

डोळ्यांना त्रास नको म्हणून पडद्यावर पिवळट झाक आणायची सोय असते ना, ती मी कधीतरी सुरू केली होती आणि साफ विसरले होते. चेहरे पिवळे दिसतायत म्हणून चार दिवस मी त्यांच्यात निळा ओतत बसले होते.

"चूक माझी आहे," मी मान ताठ ठेवून म्हणाले. "पण म्हणून तुम्ही आवाज चढवायचं कारण नव्हतं."

"मी?" त्याने मागे वळून पाहिलं, जणू तिथे आणखी कोणी उभं असेल. "मी अजून काही बोललोच नाही हो."

"मग बोलू नका."

त्याच्या अंगठ्याला शाई लागलेली होती आणि हसू दाबताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती. खळी मी फक्त चित्रकार म्हणून पाहिली. निदान तेव्हा तरी.

तिथेच बसून रंग सुधारायला घेतले. माझी रीत अशी की चित्र आधी कागदावर पेन्सिलने काढायचं, स्कॅन करायचं आणि मग कॉम्प्युटरवर रंगवायचं. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "किती घेता याचे?"

मी दर सांगितला.

"एवढे? रंग तर कॉम्प्युटरच भरतो ना?"

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य मी काकांकडून ऐकलं होतं, शेजाऱ्यांकडून ऐकलं होतं, आता शाईवाल्याकडूनही ऐकायचं? मी उठले, कॉम्प्युटरवर रंगवायचं पेन त्याच्या हातात दिलं आणि माझी खुर्ची पुढे केली. "भरा. आजींचा एक गाल. फक्त एक."

त्याने पहिल्याच फटक्यात आजींचा डोळा घालवला.

"अरे! डोळा गेला!"

"रेघांवरून रंगवलंत म्हणून. पेन्सिलच्या रेघांचा थर वर असतो, रंग त्याच्या खाली घालायचा. रेघ दिसली पाहिजे, नाहीतर हातचं काम उरलं कुठे?"

तो जीभ बाहेर काढून रंगवत राहिला. गिऱ्हाइकं आली, त्यांना त्याने थांबवलं. दुपार कलली तरी गाल काही गालासारखा दिसेना, भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता. शेवटी पेन खाली ठेवून तो गंभीरपणे म्हणाला, "तुमचा दर चुकलाय."

"कमी नाही करणार!"

"कमी नाही हो... वाढवा."

आजवर मला असं कोणी म्हणालं नव्हतं. मी ते वांगं पुसलं आणि गाल पुन्हा भरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी खरंच दर वाढवले. नवीन दरपत्रक छापायलाही त्याच्याचकडे गेले. त्याने ते मोठ्याने वाचलं. "चेहरा... कमरेपर्यंत... पूर्ण उभं... दोघं असतील तर दीडपट... हातांचे जादा?"

"काढून बघा एकदा हात. दहा बोटं म्हणजे दहा रुसलेले पाहुणे. एकाची समजूत काढावी तर दुसरं फुगून बसतं."

तो खळखळून हसला. त्यानंतर मला रोजच काही ना काही छापायचं निघू लागलं. आई म्हणाली, "एवढं काय गं छापतेस?" मी म्हणाले, "व्यवसाय वाढतोय."

व्यवसाय मात्र एका केसावर लटकत होता. ते आजी-आजोबा होते काकांच्या साहेबांचे आई-वडील, आणि त्यांच्या लग्नाच्या पन्नाशीचा समारंभ जवळ आला होता. काकांनी साहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं, "घरचीच पोरगी आहे, काढून देईल." माझ्यासाठी काकांनी ऑफिसात फायली लावायची जागाही धरून ठेवली होती. घरात ठरलंच होतं की चित्रांवर माझं भागलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून मी तिकडे जायचं. चित्र पूर्ण झाल्यावर मी काकांच्या फोनवर नमुना पाठवला, फुकटात कोणी छापू नये म्हणून मधोमध आडवं माझं नाव टाकून. सोबत दर. उत्तर आलं, "घरच्या घरात कसले पैसे?"

मी चित्र अडवून ठेवलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी दुकानात मागच्या टेबलावर काम करत बसले होते आणि काका आत आले. मी त्यांना दिसले नाही. त्यांनी फोन पुढे केला. "हे मोठं करून छापा. आणि मध्ये हे नाव आलंय ना, तेवढं पुसा."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाव पुसता येणार नाही," तो म्हणाला.

"अहो, माझ्या पुतणीचंच आहे. घरचंच."

"मग त्यांनाच विचारा की. चित्रकार इथेच बसल्यात." आणि तो काउंटरपासून बाजूला झाला. माझ्या वतीने एक शब्दही बोलला नाही. मला नुसती वाट करून दिली.

काकांचा चेहरा माझ्या पहिल्या प्रिंटसारखा झाला.

मी पुढे आले. "पूर्ण दर पडेल, काका. घाईचे जादा."

"चार रेघा ओढायचे एवढे पैसे? सख्ख्या काकाकडून?"

"साहेबांना तुम्ही शब्द दिलात, काका. मला विचारलं होतंत का?"

"मग ती ऑफिसची जागा देतो दुसऱ्या कोणालातरी!"

"द्या."

शब्द तोंडातून गेला. तो परत घ्यावासा वाटला नाही, अगदी आजही नाही.

काका त्याच्याकडे वळले. "आमच्या ऑफिसचं सगळं छापायचं काम तुमच्याकडे येतं. लक्षात आहे ना?"

त्याने शाईचा अंगठा रुमालाला पुसला. "आहे लक्षात. तरी नाव राहील."

काकांनी पैसे मोजले. काय करणार, साहेबांना सांगून बसले होते! जाताना म्हणाले, "तुझ्या बापाला सांगतो सगळं." मी म्हणाले, "सांगा. दरही सांगा."

ते गेले. दुकानात मशीनची घरघर तेवढी उरली. आजी-आजोबा हळूहळू बाहेर येत होते, गव्हाळ, ऊबदार, आणि माझं नाव आता मधोमध नाही, कोपऱ्यात.

"तुमचं काम गेलं माझ्यामुळे," मी म्हणाले.

"तुमची नोकरी गेली की."

"मला नकोच होती."

"मलाही तो माणूस नकोच होता. उधारी फार ठेवतो."

दोघंही हसलो. मग तो उगाचच कागद सारखे करू लागला. आधीच सारखे असलेले.

"एक चित्र करून हवं होतं... दोघांचं."

दरपत्रक मला पाठ होतं. "दीडपट. निम्मे आगाऊ. फोटो द्या."

त्याने फोटो ठेवला. एकच. त्याचा स्वतःचा, याच काउंटरमागचा, खळीसकट.

"आणि दुसरं माणूस?"

"तिचा फोटो नाही. तिला आरशात बघून काढावं लागेल."

मी खाली पाहिलं. मग वर पाहिलं. "सूट मिळणार नाही."

"मागितली कुठे?"

"नुसते चेहरे?"

"कमरेपर्यंत. हात दिसायला हवेत."

"हातांचे जादा पडतील. माहितीये ना तुला?"

तुमचं तुझं कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. म्हणजे मला कळलं. त्यालाही कळलं असणार, कारण खळी पडली.

"पडू देत," तो म्हणाला. "आणि हातात हात हवा."

"ते तर सगळ्यात अवघड. नुसत्या आठवणीने जमत नाही... समोर बघून काढावं लागतं."

असं म्हणून मी माझा हात काउंटरवर ठेवला. त्याने आपला हात वर ठेवला, शाईच्या अंगठ्यासकट. मी दुसऱ्या हाताने पेन्सिल घेतली आणि खरंच काढायला बसले. बोटं अजिबात ऐकत नव्हती. त्याचीही, माझीही.